तारेच्या टेकडीवरची वही

१

वही गेली हे मला गुरुवारी सकाळी कळलं, तेव्हा मी ओट्यावर बसून लसूण सोलत होतो. निवृत्त तलाठ्याला घरात याहून मोठं काम कोणी देत नाही. वाचनालयाचा प्रफुल्ल मोटारसायकल चालूच ठेवून फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, कपाट उघडलं तर वही नाही."

लसूण तसाच टाकून मी त्याच्या मागे बसलो. आमची लता आतून काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

आमचं सोनकुंड निफाड आणि पिंपळगावच्या मधे आहे. गावामागे एक टेकडी आहे, तिला तारेची टेकडी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांनी तिच्यावर खांब रोवून तारा ताणल्या होत्या, आणि काही इथले, काही ऑस्ट्रेलियाचे शिपाई कानाला यंत्र लावून जपानी जहाजांचं बोलणं ऐकत बसायचे. इथे निम्मं ऐकू यायचं, निम्मं तिकडे ऑस्ट्रेलियात. दोन्हीकडचे कागद जुळवले की कुठलं जहाज कुठे निघालं ते समजायचं. इथले कागद आठवड्याला एका पाकिटात बंद होऊन नाशिकरोड स्टेशनला जायचे. चिमाजी नावाचा माळी टेकडीवर भाजी पुरवायचा, तोच मेथीच्या जुड्यांखाली ते पाकीट घालून न्यायचा. भाजीवाल्याची पाटी कोण उपसून बघतंय!

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात एक पाकीट बाहेर फुटलं असं म्हणतात. चिमाजीने ते विकलं आणि टेकडीवरचा कारकून गोरक्ष याने ते जिवावर उदार होऊन परत मिळवलं, अशी ही गोष्ट आहे. चिमाजी सहा महिने तुरुंगात गेला. सुटून आला तर गावात त्याची भाजी कोणी घेईना. गोरक्षच्या नावाची मात्र कमान झाली. त्याच्या हातची वही शहाण्णव साली त्याच्या मुलाला, निवृत्तीला, माळ्यावर सापडली, त्यात हे सगळं लिहिलेलं. ती वही वाचनालयातल्या लोखंडी कपाटात लाल कापडावर असायची. दर दसऱ्याला गोरक्षच्या घरची मंडळी येऊन तिला हळदकुंकू वाहायची.

आणि आता येत्या रविवारी ऑस्ट्रेलियातून ॲलिसन नावाच्या इतिहासाच्या बाई येणार होत्या. युद्धात त्यांच्या देशाला मदत करणाऱ्या माणसाच्या नावाचा ताम्रपट घेऊन.

मी कपाट पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडून परत लावलेलं होतं. लाल कापडाची नीट चौपदरी घडी केलेली होती आणि त्या घडीवर एक सुपारी आणि चिमूटभर अक्षता होत्या.

"दसऱ्याच्या राहिल्या असतील," प्रफुल्ल म्हणाला.

बाहेर गोरक्षचा नातू महेश आला होता. पिंपळगावला त्याचं पॅकहाउस आहे, परदेशी द्राक्षं जातात, फोन कानाचा सुटत नाही. तो मोठ्याने म्हणत होता की या कपाटाजवळ आठवडाभर एकटी बसून फोटो काढत होती ती वैष्णवी. चिमाजीची पणती. रक्त कुठे जातंय? शनिवारी संध्याकाळपर्यंत वही आली नाही, तर तो पोलिसांत तिचं नाव देणार होता.

दारात वैष्णवी उभी होती. तिने ते सगळं ऐकलं होतं.

२

गावात काही हरवलं, बांध सरकला, विहिरीवरून भांडण झालं की अजून मला बोलावतात. तलाठी निवृत्त होतो, पण त्याला सगळं माहीत असतं हा लोकांचा समज निवृत्त होत नाही. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी तर मी छाती काढूनच तपासाला निघालो.

वैष्णवी नाशिकला ग्रंथालयाचं शिक्षण घेते. ॲलिसनबाईंना वहीचे फोटो पाठवायचं काम प्रफुल्लने तिला दिलं होतं. मी विचारलं की चिमाजीला चोर म्हणणाऱ्या वहीचं काम तू घेतलंसच का. ती म्हणाली, पणजोबांविरुद्ध नक्की काय लिहिलंय ते घरात कोणीच कधी वाचलं नव्हतं, मला वाचायचं होतं. रडत नव्हती.

तिने मोबाईल काढून दोन गोष्टी दाखवल्या. एक, मंगळवारी संध्याकाळी कपाट लावताना काढलेला फोटो. लाल कापड पसरलेलं, वर वही, आणि सुपारी नाही, अक्षता नाहीत. म्हणजे दसऱ्याच्या राहिल्या म्हणणारा प्रफुल्ल चुकत होता. त्या वही नेणाऱ्याने ठेवल्या होत्या. बुधवारी वाचनालय बंद असतं, कोणी नसतं, दाराला नुसती कडी, त्यामुळे वही गेली ती बुधवारीच.

दुसरी गोष्ट ॲलिसनबाईंचा ईमेल. तो मंगळवारी दुपारीच महेशला आणि वैष्णवीला दोघांनाही आला होता. बाईंनी लिहिलं होतं की आमच्याकडच्या कागदांप्रमाणे ते पाकीट आम्हाला कधीच मिळालं नाही. वहीत मात्र ते परत मिळाल्याचं लिहिलंय. हे कोडं सुटावं म्हणून मूळ वही हातात घेऊन, कागद आणि शाई तपासून पाहायला मिळावी.

"काका, मी कशाला चोरू?" वैष्णवी म्हणाली. "ती वही त्यांनी तपासावी म्हणून मीच देव पाण्यात घालून बसले होते."

पोरीचं म्हणणं बिनतोड होतं. पण गावाला बिनतोड नको असतं. दुपारपर्यंत सुपारी आणि अक्षतांची करणी झाली होती, आणि करणी करणारी ठरली होती सिंधूमावशी.

सिंधूमावशी म्हणजे चिमाजीची लेक, वैष्णवीच्या आईची आई. बाप तुरुंगात गेला तेव्हा चार वर्षांची होती, आता पंच्याऐंशीची आहे. नवरा लवकर गेला म्हणून माहेरच्याच मळ्यात राहिली आणि अजून झेंडूच्या फुलांवर घर चालवते. मी गेलो तेव्हा ती दिवाळीच्या बाजारासाठी फुलं निवडत बसली होती. मी वहीचं विचारलं. तिने वर न बघता विचारलं, "आज कोणता वार हे, भाऊसाहेब?"

मी म्हटलं, गुरुवार.

"मग आज नाय. सोमवारी या."

मी म्हटलं, मावशी, शनिवारी तुमच्या नातीचं नाव पोलिसांत जाईल, सोमवारी येऊन काय उपयोग? तिने एक किडकं फूल बाजूला टाकलं आणि तेच परत म्हणाली, "सोमवारी या." वयामुळे भ्रमिष्ट झाली असावी, असं मी मनात म्हटलं आणि निघालो. त्या वाक्याचा अर्थ मला शुक्रवारी कळला.

३

कपाटाच्या किल्ल्या दोन होत्या. एक प्रफुल्लच्या करदोट्याला, अंघोळीलासुद्धा न सुटणारी. दुसरी वहीच्या मालकाकडे, म्हणजे महेशच्या घरी. महेशने सांगितलं की त्यांची किल्ली देवघराच्या खिळ्याला असते आणि आताही तिथेच आहे. बुधवारी तो दिवसभर बागेत छाटणीच्या मजुरांवर होता, बायको माहेरी कळवणला. घरात आई एकटी. तिला गुडघ्यांमुळे धड उंबरा ओलांडवत नाही.

मी विचारलं, ॲलिसनबाईंचा ईमेल घरात कोणी वाचला का? त्याने मंगळवारी जेवताना आईला वाचून दाखवला होता. तिला कौतुक वाटेल म्हणून.

मग मी वैष्णवीने काढलेले वहीचे फोटो घेऊन बसलो. गोष्ट ऐकलेली शंभर वेळा, पण वही स्वतः वाचली नव्हती. गावात कोणीच वाचली नव्हती, सगळे तिला कुंकू लावत होते. चौदा ऑक्टोबर चव्वेचाळीसच्या पानावर लिहिलं होतं: चिमाजीकडून पाकीट हिसकावून घेतले. आपल्या सर्व्हे नंबर बासष्टमधील द्राक्षबागेत गेलो. छाटणी नुकतीच झाल्याने आडोसा नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यातील खांबाशी खड्डा करून पाकीट पुरले. तीन दिवस मांडवाखाली पहारा केला.

मी ते पान पुन्हा वाचलं.

छाटणी बरोबर होती. शहरातल्या माणसाने रचलं असतं तर ऑक्टोबरात घड लोंबवले असते. वही लिहिणारा बागेत राबलेला होता. पण मांडव? आज आमच्याकडे द्राक्ष म्हटलं की अँगल, तारा आणि मांडव, पोरांना दुसरं काही माहीत नाही. चव्वेचाळीस साली मांडव नव्हताच. माझे आजोबा सांगायचे, तेव्हा एकेक वेल एकेका पांगाऱ्याच्या झाडावर चढवायचे. तारेचा मांडव त्यानंतर वीसेक वर्षांनी आला. गोरक्षने त्या बागेत तीन रात्री काढल्या असत्या, तर त्याने पांगारा लिहिला असता. मांडव लिहिला तो अशा माणसाने, ज्याने मांडवाशिवाय द्राक्ष कधी पाहिलंच नाही. त्या घरात असा माणूस एकच होता, गोरक्षचा मुलगा निवृत्ती. त्याच्या हातची पहिली वेल एकाहत्तर साली लागली, ती मांडवावरच.

वही बनावट होती. मला इतका आनंद झाला की मी प्रफुल्लच्या पाठीत थाप मारली. मग त्याला विचारलं की वाचनालयाने ही वही ठेवून घेताना काही पुरावा मागितला होता का. तो म्हणाला, मागितला होता, सगळं रीतसर आहे. त्याने धुळीने भरलेली फाईल काढली. शहाण्णव सालचा ठराव, निवृत्तीचा अर्ज, आणि खाली पिवळा पडलेला एक दाखला.

दाखला देण्यात येतो की, मौजे सोनकुंड येथील सर्व्हे नंबर बासष्टमध्ये सन एकोणीसशे चाळीसपासून द्राक्षबाग असल्याचे रेकॉर्डवरून दिसून येते.

खाली गोल शिक्का होता. शिक्क्यावर सही होती, आणि ती सही माझी होती.

४

प्रफुल्ल चहा सांगायला बाहेर गेला होता. मी तो दाखला चौघडी करून खिशात घातला. विचार केला नाही, हात आपोआप गेला. नोकरीभर शेतकऱ्यांना खाडाखोडीवरून झापणारा मी, आणि सरकारी शिक्क्याचा कागद खिशात घालून भर दिवसा वाचनालयाच्या पायऱ्या उतरलो. वही नेणारा अजून सापडायचा होता, पण गावात दुसरा चोर आता मला माहीत होता.

शुक्रवारी मी निफाडला गेलो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला ओम माझ्या हाताखाली शिकलेला, त्याने दोन तासांत चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं पीकपत्रक काढून दिलं. सर्व्हे नंबर बासष्ट. खरीप बाजरी. रब्बी हरभरा. बागायत निरंक. त्या वेळच्या तलाठ्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं की समक्ष पाहणी केली, बाजरीची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू आहे.

समक्ष पाहणी केली. मी ते तीन शब्द कितीतरी वेळ बघत राहिलो. मी तलाठी होतो तेव्हा पीकपाहणी कशी करायचो, ते सांगतो. ऑफिसात बसून. मागच्या वर्षीचं पान उघडायचं आणि खाली खाली तेच उतरवत जायचं. कोणी विचारलं तर आज बाग आहे ना, मग तेव्हाही असेल. निवृत्ती दाखल्यासाठी आला तेव्हा त्याने चाळीस साल सांगितलं, मी चाळीस लिहिलं. "रेकॉर्डवरून दिसून येते" हे आमचं ठरलेलं वाक्य, रेकॉर्ड न उघडताच लिहायचं. जाताना त्याने माझ्या स्कूटरला द्राक्षांची एक पेटी बांधली. गोड होती द्राक्षं, लताने शेजारी वाटली.

आणि एवढं आठवलं तेव्हा पुढचंही आठवलं. त्याच वर्षी एक बाई माझ्या ऑफिसच्या दारात येऊन बसायची. तिचं म्हणणं होतं की पाकीट बासष्ट नंबरातल्या द्राक्षबागेत पुरलं असं आता सांगतात, पण तिच्या बापाने त्या साली तिथे मजुरीने बाजरी सोंगली होती, बाग नव्हतीच, तर त्या सालच्या पिकाचा कागद द्या. तेवढा कागद मिळाला तर बापाचं नाव धुऊन निघेल. मी सोमवारीच सोनकुंडला बसायचो. मी तिला सांगितलं की रेकॉर्ड निफाडला आहे, सापडत नाही, पुढच्या सोमवारी या. मी निफाडला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. ती पुढच्या सोमवारी आली. त्याच्या पुढच्याही आली. मग यायची बंद झाली आणि मला बरं वाटलं.

ओमने विचारलं, "साहेब, बरं वाटत नाही का?" मी त्याला नकला करायला सांगितल्या, शिक्क्यासकट.

घरी आलो तर लता दिवाळीसाठी देव घासायला काढत होती. चिंचेचा कोळ, राखेचं ताट, सगळा पसारा. तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला, आणि उचलल्याबरोबर त्याच्या जागी एक सुपारी ठेवून वर चार अक्षता टाकल्या. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "जागा रिकामी ठेवू नये. इतकी वर्षं बघताय ना?"

बघत नव्हतो. तेच तर माझं दुखणं आहे. पण वही कोणी नेली ते मला त्या क्षणी समजलं.

५

शनिवारी दुपारी मी महेशच्या पडवीत बसलो. प्रफुल्ल आणि वैष्णवीला मुद्दाम बोलावून घेतलं. महेशची आई, आक्काबाई, खांबाला टेकून बसली होती. महेश मोबाईल मांडीवर ठेवून म्हणाला की संध्याकाळ व्हायला चार तास आहेत.

मी म्हटलं, चार तास लागणार नाहीत. कुलूप किल्लीने उघडलं. प्रफुल्लची किल्ली अंगावरची, म्हणून ती गेली इथल्या खिळ्यावरून. करणी करणारा वस्तू नेतो आणि लिंबू, टाचणी ठेवतो. सुपारी आणि अक्षता ठेवतो तो देव उचलणारा माणूस. ज्याने त्या वहीला वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहिलं, त्याच्याच हाताला अशी सवय असते की जागा रिकामी राहता कामा नये. पुरुषाच्या हाताला ती नसते, मी स्वतःवरून सांगतो. आणि ॲलिसनबाई वही तपासणार हे मंगळवारी रात्री जेवताना या घरात एकाच बाईने ऐकलं.

महेश उठून उभा राहिला. तो माझ्यावर धावून येणार असं मला वाटलं. आक्काबाई म्हणाली, "बस खाली. गव्हाच्या कोठीत हे ती."

मग तीच बोलू लागली, जमिनीकडे बघत. वाचनालय हाकेच्या अंतरावर, पण बुधवारी तिला काठी टेकत जायला तास लागला होता. वही तिच्या नवऱ्याने, निवृत्तीने, याच पडवीत बसून लिहिली होती, एका पावसाळ्यात. ती त्याला चहा आणून द्यायची. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बापाचं नाव कमानीवर लागायचं तर काही कागद पाहिजे.

"अन् सासऱ्यांनी काय केलं होतं ते मला ठाव होतं," आक्काबाई म्हणाली. "मरताना मलाच बोलले, पोराला नाय. त्या आठवड्यात चिमाजी तापानं पडलेला. पाकीट सासरेच घेऊन निघाले. वाटेत पिंपळगावचा बाजार लागला, तिथं कोणाच्या गाडीत बसले अन् पाकीट गाडीतच राह्यलं. साहेब गोळी घालंल म्हणून भ्याले. चिमाजीचं नाव घेतलं. मला म्हणले, तो एक दिवस गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं."

महेशने विचारलं, मग जाळून का नाही टाकली. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"खोटी का होईना, कुंकू लावलं होतं तिला. लावताना दर साली वाटायचं, आपण काय करतो हे. पण हात करायचा." तिने पदर तोंडावर घेतला. "गोदावरीत सोडणार होते. कोणाला सांगू, मला नेऊन घाल म्हणून?"

महेश माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की भाऊसाहेब, हे इथल्या इथे ठेवता येईल. वही सापडली नाही म्हणू. वैष्णवीचं नाव मी घेत नाही, माझा शब्द. बाईंना काय, दुसरा कार्यक्रम करू. बाहेर गोरक्षच्या नावाची कमान दिसत होती, तिच्याकडे बघणं तो टाळत होता.

खरं सांगतो, दोन क्षण मला ते पटलं. माझ्या खिशातला दाखलाही मग खिशातच राहिला असता.

वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. तिची आजी माझ्या ऑफिसच्या दारात बसून असंच बघायची.

मी दाखला काढून पडवीच्या फरशीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी चव्वेचाळीसचं पीकपत्रक. म्हटलं, आक्काने एक वही नेली, मी हा कागद नेला. निवृत्तीने गोष्ट रचली, पण सरकारी शिक्का मी दिला. शिक्का नसता तर कोणी विचारलं नसतं त्या वहीला. त्या पडवीत आम्ही पाच माणसं होतो आणि कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. कोठीतून वही आणायला शेवटी प्रफुल्ल उठला.

६

रविवारी ॲलिसनबाई आल्या. साठीच्या, उन्हाने लाल झालेल्या. मंडप घातलेला, गाव जमलेलं. वैष्णवीने त्यांना आधीच इंग्रजीत सगळं सांगून ठेवलं होतं. मग मी माईकसमोर उभा राहून मराठीत सांगितलं, माझ्या सहीसकट. पुढच्या रांगेतले दोघं जण उठून गेले. बाकीचे पायांकडे बघत होते, कारण चिमाजीच्या घरची भाजी न घेणाऱ्यांची नातवंडं तीच होती. महेशने वैष्णवीची माफी मागितली, पण इतक्या हळू आवाजात की मागच्यांना ऐकू गेली नाही. ताम्रपट बाईंनी पेटीतून काढलाच नाही. नाव बदलून परत पाठवते, म्हणाल्या.

जाताना त्यांनी मला एक कागद दिला. टेकडीवरच्या ऑस्ट्रेलियन सार्जंटच्या रोजच्या नोंदीची नक्कल, वैष्णवीने कळवल्यावर त्यांनी तिकडून शोधून मागवलेली. वैष्णवीने वाचून सांगितली. चौदा ऑक्टोबर: भाजीवाला तापाने आजारी, आला नाही. पाकीट कारकुनाकडे दिले.

त्या सार्जंटची तुकडी त्याच आठवड्यात मायदेशी गेली, आणि नोंदवही तिच्यासोबत. इथल्या अंमलदाराने त्यांना काही विचारलं नाही. नंतर सगळे कागद गुप्त म्हणून कुलपात पडले. जपानी जहाज कुठे वळलं ते दोन देश एकमेकांना दर आठवड्याला कळवत होते. भाजीवाल्याला ताप होता ही ओळ तिकडून इकडे यायला एक्क्याऐंशी वर्षं लागली. मी त्यांना कोणत्या तोंडाने हसू? निफाड माझ्या ऑफिसपासून अर्ध्या तासावर होतं.

सोमवारी सकाळी मी पीकपत्रकाची नक्कल घेऊन मळ्यात गेलो. सिंधूमावशी तिथेच होती, फुलांच्या ढिगामागे. तिने वैष्णवीकडून सगळं ऐकलं असणार. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो आणि म्हटलं, "मावशी, आज सोमवार आहे."

तिने हातातलं फूल निवडून ढिगात टाकलं. मग म्हणाली, "तुमचा सोमवार लय लांबला, भाऊसाहेब."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हाताने थांबवलं आणि कागदाकडे बोट केलं. वाचता येत नाही तिला. मी वाचलं. सर्व्हे नंबर बासष्ट, खरीप बाजरी, रब्बी हरभरा, बागायत निरंक.

"बाजरी," ती म्हणाली. "आबा तेच म्हणायचे." मग तिने एक झेंडूचं फूल उचलून समोर ठेवलं. "परत वाचा."

मी परत वाचलं. तिने पहिल्या फुलाशेजारी दुसरं फूल ठेवलं, आणि म्हणाली, परत. तिसऱ्या वेळेला मला वाटलं तिला नीट ऐकू येत नसेल, म्हणून मी मोठ्याने वाचलं. पाचव्या वेळेला माझ्या ध्यानात आलं की ती काय मोजतेय. त्या साली ती माझ्या दारात किती सोमवार येऊन बसली ते मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं.

फुलं अकरा झाली तेव्हा तिने हात पुढे केला आणि कागद घेतला. घडी करून कनवटीला खोचला आणि परत फुलं निवडायला लागली. मी तिथेच उभा होतो. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.